मचाणावर राहिलेली ताई

ताई गेल्यावर घरी माणसं भेटायला येत होती. जो येई तो एकच म्हणे, फार धीराची हो तुमची ताई. मी मान हलवायचे आणि पाणी आणून द्यायचे. पण खरं सांगते, ताई धीराची नव्हती. तिच्याइतकं घाबरट माणूस मी दुसरं बघितलं नाही. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. पाल दिसली की ती पाल आधी हलवा मग जेवते म्हणायची. आणि घाबरायचं हेच तिचं काम होतं, त्यासाठीच लोक तिला बोलवायचे. हे बाहेर कुणाला नीट माहीत नाही म्हणून लिहिते.

ताई माझ्याहून बरीच मोठी. लहानपणी तिला ताप आला आणि त्यात कमरेखालचं सगळं गेलं. पाठही वाकडी झाली. पाठ वाकडी म्हणून छाती दबलेली, दोन वाक्यं बोलली की मधे एक श्वास जास्तीचा घ्यायची. चाकांची खुर्ची होती तिची, तिला दोन्ही बाजूंनी उशा आणि छातीवरून पट्टा. साध्या खुर्चीत बसवलं की कणकेच्या गोळ्यासारखी एका अंगाला कलंडते, असं तीच हसून सांगायची. आई होती तोवर आईनं केलं. आई गेल्यावर मी तिला माझ्याकडे आणलं. आमचे हे म्हणाले, "घरात भांडायला एक माणूस वाढलं, येऊ दे की." मी इस्त्रीचं काम करते. पुढच्या खोलीत माझं टेबल, आणि खिडकीपाशी ताई, मांडीवर कपड्यांचा ढीग, कुणाचे कुठले ते वेगळे करत बसायची. रेडिओ दिवसभर चालू. गाणं लागलं की हात थांबायचे. मी म्हणायचे, "ताई, शर्ट थांबलेत." ती म्हणायची, "शर्टाला घाई नाही, गाणं संपतंय."

एकदा मोकळ्या मैदानात गाण्यांचा मोठा जलसा होता, दिवसभराचा. तिनं हट्ट धरला म्हणून मी घेऊन गेले. काय सांगू, नको झालं. चाकं चिखलात रुतली. लोक पुढं उभे राहिले ते राहिलेच. संडास होता तो चार पायऱ्या वर, म्हणून बिचारी सकाळपासून पाणी न पिता बसलेली. आणि संध्याकाळी पोरं नाचत नाचत मागं सरकायला लागली, तशी ताईनं माझा हात असा धरला की नखं रुतली. "ए धाकटे, ही माझ्यावर पडणार." मी ओरडत होते, पण त्या आवाजात कोण ऐकतंय. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, कशी होती गाणारी? ताई म्हणाली, "गाणारी नाही बघितली भावजी. पुढच्या माणसाच्या पँटीला खिसे किती ते विचारा."

दुसऱ्या दिवशी तिनं मला त्या जलसावाल्यांच्या ऑफिसात न्यायला लावलं. तिथले मुख्य, त्यांना आम्ही साहेबच म्हणायचो, माणूस वाईट नव्हता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तुम्हीच सांगा, काय करायला पाहिजे?" मला वाटलं आता ताई गप्प बसेल. ती म्हणाली, "मला मैदानात न्या. मोकळं असताना. तिथं बसून मला कशाकशाची भीती वाटते ते सांगते."

तिथून ते सुरू झालं. तिची कामाची रीतच तशी होती. रिकाम्या मैदानाच्या मधोमध खुर्ची लावायची, डोळे मिटायचे आणि समजा, समजा करत बोलायचं. "समजा मला आत्ता लघवीला लागली. समजा पाऊस आला. समजा ही माझी बहीण चक्कर येऊन पडली, मग मला कोण ढकलणार? समजा सगळे एकदम पळायला लागले." तिला खरंच भीती वाटायची, नाटक नव्हतं. हाताला घाम यायचा. कामगार तिला समजाताई म्हणायला लागले. मंच ठोकणारे सुतारकाका होते, ते एकदा म्हणाले, "समजाताई, तुमचं ऐकून मला मेलं जेवण जात नाही." ताई म्हणाली, "नका जेवू. आधी तो उतार जरा लांब करा, एवढा खडा असला की मी वर जायच्या आधी वरच जाईन."

त्या भीतीतून एकेक गोष्ट झाली. लोकांच्या डोक्यावरून दिसावं म्हणून एक उंच मचाण झालं, त्याला लांबलचक उतार आणि कठडा. गवतावर फळ्यांचा रस्ता. बिनपायऱ्यांचा संडास. ऐकू न येणाऱ्यांसाठी मंचाच्या कडेला एक बाई उभी राहून गाण्याचे शब्द हातांनी सांगायची. आणि मैदानाच्या मागं खेळाडूंच्या कपडे बदलायच्या पक्क्या खोल्या होत्या, तिथवर फळ्यांचा रस्ता न्यायला लावला. साहेब म्हणाले, "तिकडं कशाला? तिकडं काहीच नाही." ताई म्हणाली, "म्हणूनच. काही झालं तर तिकडं गर्दी जाणार नाही." शेजारणी माझ्याजवळ कुजबुजायच्या, भित्यापाठी ब्रह्मराक्षस, तुझ्या बहिणीला सगळीकडं भूतच दिसतं. दिसू दे की. त्या मचाणावर येणारी माणसं बघितली असती तर बोलल्या नसत्या. एक शिंपीकाका यायचे, दोन्ही पाय गुडघ्यापासून नाहीत, जाकीट घालून नटून यायचे, आणि आवडतं गाणं लागलं की कठड्यावर असा ठेका धरायचे की सुतारकाका खालून ओरडायचे, "ओ, खिळे निघतील!"

पुढं पुढं नाव झालं तशी माणसं वाढली. आणि शेवटच्या वर्षी मचाण पुरेना. एका आईचा ताईला फोन आला. मुलगी मोठी, अंग आखडलेलं, बोलता येत नाही, पण गाणं लागलं की हसते. त्या बाई म्हणाल्या, "जागा भरली म्हणून नाही म्हणाले हो आम्हाला. तिला कपडे दाखवून ठेवलेत, रोज त्यांच्याकडं बोट करते." ताई फोन ठेवून खिडकीकडं बघत बसली. ‘नाही’ ऐकून तिचा जन्म गेलेला, तो शब्द दुसऱ्याला सांगणं तिच्याच्यानं होईना.

साहेबांनीच तोड काढली. म्हणाले, "ताई, जागा माणसं खात नाहीत, चाकांच्या खुर्च्या खातात. माणसांना वर साध्या खुर्च्यांवर बसवू. चाकांच्या खुर्च्या खाली एका तंबूत ठेवू, टोकन देऊ, चपला ठेवतो तशा. दुप्पट माणसं बसतील."

मी ताईकडं बघत होते. तिच्या हाताला घाम आलेला मला दिसला. ती म्हणाली, "समजा..." आणि थांबली. साहेब म्हणाले, "समजा काय?" ती म्हणाली, "काही नाही. ती मुलगी येईल ना पण?" "येईल." "मग करा."

घरी येताना मी विचारलं, काय म्हणणार होतीस? म्हणाली, "खुर्ची म्हणजे पाय गं. कुणी पाय काढून तंबूत ठेवतं का?" मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर माझ्यावरच खेकसली, "जन्मभर मी भीतीचंच ऐकायचं का?"

जलशाच्या दिवशी दुपारपर्यंत सगळं झकास होतं. ती मुलगी आली होती, पिवळा फ्रॉक घालून, आणि गाणं लागलं की अशी हसायची की शेजारचे मंचाकडं न बघता तिच्याकडं बघायचे. मचाणावर चाकांची खुर्ची एकच, ताईची, कारण साध्या खुर्चीत ती बसूच शकत नव्हती. बाकी सगळ्यांच्या तंबूत, आणि तंबू मैदानाच्या पार पलीकडं, खाण्याच्या गाड्यांमागं. टोकन देणारी पोरगी हौशी होती, प्रत्येकाला सांगायची, "काका, तुमची गाडी सुरक्षित हं, पॉलिश करून देऊ का?"

उन्हं कलायला लागली आणि वारा पडला. एकदम. पानसुद्धा हलेना. ताई म्हणाली, "धाकटे, हे बरं नाही." मग लांबून भुरकट भिंत येताना दिसली. धूळ होती ती. आली ती अशी आली की डोळे उघडता येईनात. कापडं फाटल्याचे आवाज. मचाणाच्या उजव्या अंगाला आवाजाच्या भोंग्यांचा लोखंडी मनोरा होता, चांगला दोन मजले उंच. तो कण्हायला लागला. लोखंड असं कण्हतं हे मला माहीत नव्हतं. मी वर बघितलं तर तो आमच्याकडं झुकलेला, आणि त्याच्या ताणाच्या दोऱ्यांपैकी एक सुटून हवेत चाबकासारखी फिरत होती.

लोक पळायला लागले. आमच्या आणि तंबूच्या मधून सगळं मैदान पळत होतं, फाटकाकडं. त्या लोंढ्यातून पलीकडं जाऊन खुर्च्या आणणार कोण? ती टोकनवाली पोरगी बिचारी गेली पण, दोनदा पडली आणि लोकांनी तिला फाटकापर्यंत वाहून नेलं. मचाणावर सात-आठ माणसं, पांढरीफटक, साध्या खुर्च्यांवर बसलेली. पळता येत नाही म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. त्या मुलीची आई तिला उचलायला बघत होती आणि तिच्याच्यानं उचलवत नव्हतं.

ताई ओरडली, "मला काढ. खुर्चीतून काढ मला."

मी म्हटलं, "वेडी झालीस का?"

"चाकं एकच आहेत. मला काढ आणि त्या मुलीला घाल. फळ्यांवरून मागच्या खोल्यांत. जा!"

पट्टा सोडला, तिला खाली फळ्यांवर बसवलं, तशी ती कलंडली. मग मीच माझी ओढणी काढली, तिच्या काखेतून घेतली आणि तिला कठड्याच्या खांबाला बांधली. काय करत होते मी? झुकलेल्या मनोऱ्याखाली माझ्या बहिणीला माझ्या हातानं गाठ मारून बांधत होते. ती म्हणाली, "घट्ट बांध." मी बांधलं.

मुलीला खुर्चीत घातलं आणि पळाले. आई तिची मागून. फळ्यांचा रस्ता रिकामा होता, अगदी ताई म्हणाली होती तसा, एक माणूस तिकडं नव्हतं. पक्क्या खोलीत तिला भिंतीला टेकवून खाली ठेवलं, खुर्ची फिरवली, परत. तोंडात माती, कानात ते कण्हणं. प्रत्येक वेळी वळणावरून आधी मनोरा बघायचा, आहे का. मग मचाण बघायचं, आहे का. मग ओढणीचा लाल रंग शोधायचा.

"आता शिंपीकाका," ताई म्हणायची. "आता ह्या बाई." मी म्हणायचे, आता तू. ती म्हणायची, "माझ्याशी हुज्जत घालू नकोस, वेळ जातोय." शिंपीकाका खुर्चीत बसताना म्हणाले, "अहो, मला शेवटी न्या, मला पाय नाहीत म्हणजे मी हलका, वाऱ्यानं आपोआप जाईन." आणि असं म्हणताना त्यांचे दात वाजत होते. तेवढ्यात साहेब कुठून तरी आले, चष्मा गेलेला, कपाळ फुटलेलं. काही न बोलता एका म्हाताऱ्या गृहस्थांना पाठुंगळी घेतलं आणि चालायला लागले. सुतारकाका आणि त्यांची माणसं मनोऱ्याच्या उरलेल्या दोऱ्यांना लोंबकळत होती, बैल धरावा तसा त्याला धरून.

मग पाऊस आला, गारठ्याचा, धुळीचा चिखल करणारा. शेवटच्या बाईंना खोलीत उतरवून मी परत आले, तेव्हा मचाणावर ताई एकटी. मान खाली गेलेली. मला वाटलं संपलं. हाक मारली तर मान वर झाली. ओठ निळे. मी गाठ सोडायला बसले तर ती सुटेना. भिजून, ओढून दगडासारखी झाली होती. मी नखांनी केलं, दातांनी केलं. वर लोखंड कण्हतंय, दर वेळी जास्तच झुकतंय. ताई म्हणाली, "सोड ते. तू जा."

"गप्प बस."

"धाकटे, तू जा. तुझ्या पोरांना..."

"गप्प बस म्हटलं ना!" आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यावर ओरडले. ओढणी काही फाटेना. मी खालती बघून सुतारकाकांच्या नावानं किंचाळले. काकांनी दोरी दुसऱ्याकडं दिली, वर आले, पटाशीनं एका झटक्यात ओढणी कापली आणि ताईला लहान पोरासारखी उचलून खुर्चीत घातली. पट्टा बांधायलाही थांबलो नाही. मी एका हातानं ढकलत होते आणि दुसऱ्या हातानं तिला छातीशी धरून होते. माझ्या हाताखाली तिचं काळीज असं उडत होतं, जसं पाखरू मुठीत धरलंय.

आणि मनोरा पडला नाही.

ऐका, पडलाच नाही तो. वारा थांबला, तो तिथंच वाकडा उभा. दुसऱ्या दिवशी क्रेन लावून उतरवला. कुणी दगावलं नाही, कुणाचा गुडघा, कुणाची कोपरं, एवढंच. त्यामुळं बोलायलाच जागा राहिली नाही. जो तो म्हणायला लागला, उगाच घाबरलात. साहेब कपाळाला पट्टी लावून घरी आले, तेही बोलता बोलता बोलून गेले, "देवाची कृपा ताई, पडला तर नाही ना शेवटी."

ताई म्हणाली, "पडला नाही ते मनोऱ्याचे उपकार. तुमचे नाहीत आणि माझेही नाहीत." साहेबांनी मान खाली घातली. ताई म्हणाली, "मी हो म्हणाले होते. पुन्हा कुणी काही म्हटलं तरी ऐकू नका, मी म्हटलं तरी. माणूस वर तर त्याची खुर्ची वर. नसेल जागा तर नाही म्हणायचं आणि शिव्या खायच्या." साहेब हो म्हणाले. पुढं काय करतील ते त्यांनाच ठाऊक.

पण ताईची छाती त्या धुळीनंतर मोकळी झालीच नाही. डॉक्टर म्हणाले, आधीच जागा कमी, त्यात हे. खोकला बसला तो बसलाच. आणि भीती वाढली. आधी ती भीती बोलून दाखवायची, आता बोलेना. पंखा जोरात फिरला तरी वर बघायची. रेडिओ बंद केला. मी लावला तर म्हणायची, "राहू दे, आवाज नको." शर्ट सगळे वेळेवर वेगळे व्हायचे. मला ते बघवायचं नाही.

एका सकाळी मी इस्त्री करत होते आणि न राहवून विचारलं, "ताई, तिथं बसली होतीस तेव्हा काय वाटत होतं गं?"

हातातला शर्ट तिनं त्याच्या ढिगात ठेवला. मग म्हणाली, "तू गेलीस की बरं वाटायचं. परत आलीस की राग यायचा."

"माझा राग?"

"मग? मी तुला तिथून घालवत होते. सारखी परत काय येतेस, मरायला?" श्वास घेतला. "वाटायचं, त्या खोलीत गेलीस की तिथंच राहा. कुणीतरी धरून ठेवा हिला. चाकं एकच होती ती बरंच होतं, नाही तर तुला घालवायला मला निमित्तच मिळालं नसतं."

मी इस्त्री उभी करून ठेवली, नाही तर कपडा जळला असता. म्हटलं, "मग ती माणसं? ती मुलगी?"

"त्यांनाही न्यायचंच होतं की. पण हाक मारताना मी तुझ्याकडं बघत होते." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "लोकांना सांगू नकोस. त्यांना वाटू दे, मी त्यांच्यासाठी बसले." मी आत्ता सांगितलं. मला वाटतं, त्यांना कळलं तरी ते रागावणार नाहीत.

त्यानंतर थोडेच दिवस होती. शेवटी श्वास फार लागायला लागला, बोलताना शब्दाशब्दाला थांबायची. डॉक्टर येऊन गेले, आता घरीच असू दे म्हणाले. दुपार होती, हे पोरांना आणायला गेलेले. घरात आम्ही दोघीच. मी तिला उशांवर उंच करून धरलं होतं, तिचे डोळे सारखे दाराकडं जात होते, आणि हात घामानं ओला. घाबरली होती ती. किती घाबरली होती ते मला माझ्या हातात कळत होतं.

थोड्या वेळानं तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "धाकटे, जा. जरा चहा ठेव."

ती चहा प्यायची नाही. दोन दिवस तिला पाण्याचा घोटही गिळवत नव्हता.

मी म्हटलं, "नंतर ठेवते."

"जा ना गं."

"नंतर," म्हटलं, आणि तिच्या उशाशी आणखी सरकून बसले.